मोहफुलांचं सत्र

मार्च अर्धा सरला की आमच्या बालाघाटात संध्याकाळच्या वाऱ्याला एक गोड, जडसर वास येऊ लागतो. जंगल शहरापासून फार लांब नाही. तिकडं मोह गळायला लागला की इथं गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही त्याची खबर लागते. बाहेरच्या माणसाला तो वास आवडतो. आम्हां इथल्या पोरांना मात्र तो आला की वह्या-पुस्तकं आठवतात, कारण परीक्षाही याच दिवसांत. शेजारच्या घरात कुणीतरी हिंदीतून रसायनशास्त्र घोकत असतं, वरातीच्या बँडवाल्याला कुणीतरी गॅलरीतून दटावत असतं, आणि आई वाटीत दही-साखर घेऊन दारात उभी असते. माझ्या सगळ्या परीक्षा त्या वासात झाल्या. आता शिकून झालं, तरी तो वास आला की माझा हात आपसूक पेन शोधायला लागतो.

पण या वासाबरोबर दर वर्षी जो हंगाम आठवतो तो शाळेतला नाही. तो माझ्या एमएच्या शेवटच्या सत्राचा आहे.

पुण्यात मी नेमकं काय शिकते आहे हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. अभ्यासक्रम नवा होता. अर्धा डेटा सायन्सचा, अर्धा सामाजिक विषमतेचा. सकाळी संगणकावर मॉडेल बांधायचं आणि दुपारी जात, जमीन, शाळा, दवाखाना यांवर वाद घालायचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या बाबांना हे अजिबात पटलं नव्हतं. "एक काय ते धर ना बाई! कॉम्प्युटर तं कॉम्प्युटर, समाज तं समाज. दोनी डगरीवर पाय कायले?" आत्यानं तर लग्नघरात चारचौघींसमोर जाहीर केलं होतं की एक ना धड, भाराभर चिंध्या. मी हसून सोडून दिलं. मला ते शिक्षण मनापासून आवडत होतं आणि आवडत्या गोष्टीची बाजू मांडायला मी फारशी धडपडत नाही. तिथं पहिल्याच सत्रात एक गोष्ट शिकवली होती, ती मला अजूनही पुरते. तक्त्यातले सगळे रिकामे रकाने सारखे नसतात. एखादा रकाना कुणी भरायला विसरलेलं असतं, एखाद्याचं उत्तर द्यायला माणूस लाजलेला असतो. आणि काही रकाने असे असतात की तिथल्या माणसाला कुणी विचारायलाच गेलेलं नसतं.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, आमच्या जिल्ह्यातल्या जंगलपट्टीतल्या मुली आठवी-नववीनंतर शाळा का सोडतात. घराघरांत जाऊन माहिती गोळा करायचं काम बालाघाटच्या कॉलेजातल्या काही मुलांनी केलं. केलं ते मार्चच्या उत्तरार्धात, कारण माझ्या सत्राच्या वेळापत्रकात तेच दिवस बसत होते. माहिती पुण्याला आली, मी ती साफसूफ केली, मॉडेल चालवलं आणि निष्कर्ष असा काही सुरेख निघाला की मी खुर्चीवरून उठून वसतिगृहाच्या पोर्चमध्ये एक फेरी मारून आले. शाळा सोडण्याचं सगळ्यांत मोठं कारण: 'अभ्यासात रस नाही.' आलेख इतका देखणा होता की प्रबंधाच्या मुखपृष्ठावर छापावा. माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. पुण्याच्याच एका संस्थेनं नोकरी देऊ केली होती, अट एवढीच की पदवी वेळेवर हातात यावी. आता फक्त लिहून काढायचं बाकी होतं.

नकाशावर काही लाल ठिपके होते. माहिती न मिळालेली घरं. ती सगळीकडं विखुरलेली असती तर माझं लक्षही गेलं नसतं. पण ती गावांच्या कडेला, जंगलाला टेकलेल्या टोल्यांवर गोळा झाली होती. टोला म्हणजे मूळ गावापासून सुटून वसलेली वस्ती. उकवा ते परसवाडा या पट्ट्यातला एक टोला तर जवळजवळ सगळा लाल होता. प्रत्येक घरापुढं शेरा एकच: 'स्थलांतरित.' एवढे लोक एकदम गेले कुठं? मी तिथं गेलेल्या मुलाला फोन लावला.

"दीदी, घर खाली थे," तो म्हणाला. "ताला भी नहीं था. दरवाज़े पे काँटे की डाल रखी थी बस. लोग छोड़के चले गए."

मी मेसमध्ये उभी होते, हातात ताट. मला आधी हसू आलं. बाबांची बदली एकदा त्याच बाजूला झाली होती आणि मी तेव्हा पहिली-दुसरीत होते, त्यामुळे ती काट्याची डहाळी मला ओळखीची होती. मोह गळायला लागला की तिकडची अख्खी घरं झाडांखाली राहायला जातात, फुलं वेचून, वाळवून विकायला. जाताना कुलूप लावत नाहीत, चोरण्यासारखं ते काय असतं. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून दारात बोरीची काटेरी फांदी आडवी टाकतात आणि निघतात. शहरातल्या मुलानं काटे पाहिले आणि घर सोडून दिलंय असं समजला. कुलूप असतं तर त्याला कळलं असतं की माणसं परत येणार आहेत. त्याचं काही चुकलं असंही म्हणवेना. हसू मात्र ताटातलं जेवण निवेपर्यंतही टिकलं नाही.

मॅडमकडं गेले. त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टीत मार्गदर्शकाला खलनायक करायची सोय असते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुझं म्हणणं बरोबर असेल," त्या म्हणाल्या. "पण बंद घरं सगळेच वगळतात. पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ लिही आणि पुढे जा. आता परत जाऊन माहिती आणायची म्हणजे सत्र जाईल तुझं."

"आणि त्या घरांत वेगळंच काही निघालं तर?"

"तर तुझा हा निष्कर्ष उरणार नाही. नोकरीही जाईल. विचार कर."

मी खोलीवर येऊन ती एक ओळ लिहिली. 'घर बंद आढळल्याने वगळले.' ओळ अगदी बिनचूक होती. ती पुन्हा पुन्हा वाचली आणि दर वेळी माझं डोकं जास्त तापत गेलं. घर बंद होतं, कारण घरातली माणसं कामावर होती. ज्यांना मोहाची गरज नाही ती घरी बसून माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होती, आणि ज्यांना गरज आहे ती माझ्या तक्त्यातून गळाली होती. विषमतेवर प्रबंध लिहिणारी मी, आणि सगळ्यांत गरीब घरंच वगळून लिहिणार! ते मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी गोंदियाची गाडी धरली.

गोंदियाहून बालाघाटला येताना बस राजेगावला सीमा ओलांडते. मराठी पाट्या संपतात, हिंदी सुरू होतात, बसमधली माणसं मात्र तशीच दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरत बोलत राहतात. मी घरी पोचले तेव्हा बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली.

"हातचं सोडून पळत्याच्या मागं कायले लागून राह्यली?"

"बाबा, ती घरं रिकामी नाहीत."

"नसतीन. आमी बी सर्व्हे केले, इलेक्शनच्या ड्युट्या केल्या. घर बंद हाय तं 'घर बंद' लिहाचं. थे चूक नाई, थो नियम हाय."

"नियमच चुकीचा असंल तं?"

बाबांनी कूलर चालू केला. त्याच्या आवाजात पुढचं भांडण बुडालं. आई आतून म्हणाली, "पोट्टी कोनावर गेली इतकी हट्टी, देव जाने," आणि तिनं बाबांकडं अशी नजर टाकली की मला बरंच बळ आलं.

ते दिवस आठवले की आधी आठवते ती राख. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ करतात, म्हणजे फूल पडलं की दिसतं. त्यामुळे प्रत्येक मोहाखाली काळा गोल असतो आणि त्या काळ्यावर पहाटेपासून फिकट पिवळी, मांसल फुलं टपटप पडत असतात. पाऊस पडावा तसा आवाज नाही तो. मधेच एक, मग थांबून दोन, मग एकदम पसाभर. उकव्याकडून येणारे मँगनीजचे ट्रक लांब रस्त्यावरून जातात तेवढाच काय तो दुसरा आवाज. फुलं चिकट असतात. बोटांना, चपलांना, कागदांना चिकटतात. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला त्यांचा वास असा बसला की परतीच्या बसमध्ये शेजारची बाई तोंडाला पदर लावून सरकून बसली आणि कंडक्टर तिकीट देताना हळूच म्हणाला, "मैडम, सुबह-सुबह?" मोहाची दारू होते हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. एमएच्या मुलीचा खुलासा ऐकायला तो काही थांबला नाही.

त्या लाल टोल्यातलं पहिलं माणूस मला भेटलं ते सामवतीबाई. कमरेत वाकलेली, हात चालू. मी हिंदीत ओळख करून दिली. तिनं मान वर केली नाही.

"नाम मत लिखना," ती म्हणाली. "नाम लिखा कि कोई ना कोई आता है."

मी सांगितलं की मी बालाघाटची, मराठी घरातली, नाव लिहिणार नाही. 'मराठी' म्हणताच ती सरळ उभी राहिली.

"मराठी? मंग थे हिंदी कायले बोलून राह्यली मघापासून? मी तं राजेगावच्या पलीकडची हाव, गोंद्याकडची. लगन झालं अन् इकडे जंगलात आली." आणि मग तिची भाषा मोकळी झाली. नवरा खाणीत कामाला होता. झाडं दोन, तीही एकमेकांपासून लांब. एकाखाली ती, दुसऱ्याखाली पोरगी. राखण नसली की गुरं फुलं खाऊन टाकतात आणि हरणं तर पहाटेच येतात.

"पोरगी शाळेत जाते?"

"जायची. नववीत होती. यंदा परीक्षेच्या टायमाले मले ताप आला. मंग झाडाखाली कोन बसन? थे बसली. पेपर गेला." तिनं फुलांची टोपली हलवून खाली बसवली. "शाळावाले म्हने पुढच्या साली या. ल्हान पोराईसंग कशी बसन थे? नाई म्हने मी जात."

पोरीचं नाव रीना. मी दुसऱ्या झाडाकडं गेले तेव्हा ती दगडावर बसून पायानं राख सारखी करत होती. इथली तिच्या वयाची पोरं मराठी समजतात, पण बोलतात हिंदी. माझ्या प्रश्नांची उत्तरं तिनं भराभर दिली. मग तिची पाळी आली.

"दीदी, आपकी परीक्षा कब है?"

"अभी ही है. थीसिस देनी है."

"तो आप यहाँ क्या कर रही हो?"

"यहाँ का काम रह गया था. इस बार छूटेगी तो अगले सत्र में दे दूँगी."

तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. त्यात ना हेवा होता, ना टोमणा. "अच्छा है," ती म्हणाली. "आपकी छूटती है तो अगली आती है."

मला त्या क्षणी भयंकर राग आला. तिचा नाही, कुणा एकाचाही नाही. आम्ही दोघी एकाच हंगामात, एकाच जातीच्या झाडाखाली, आपापली परीक्षा बुडवून बसलो होतो. माझी बुडाली तर त्याला उशीर म्हणणार होते. तिची बुडाली आणि तिचं शिक्षण संपलं. शिवाय तिच्या घरी त्या दिवशी कुणी असतं, तर आमच्या पर्यायांतून तिच्या नावापुढं 'रस नाही' एवढीच खूण झाली असती, कारण 'मोह' असा पर्याय आम्ही ठेवलाच नव्हता. दोन वर्षं मी विषमतेच्या व्याख्या पाठ केल्या होत्या. त्या सगळ्या खऱ्या आहेत. पण मला विषमता कळली ती त्या राखेत बसून, आणि तिथून उठताना माझं ठरलं होतं. सत्र गेलं तर जाऊ दे. मोह गळणं थांबेपर्यंत मी इथून हलणार नाही.

मग झाडामागून झाड. एका टोल्यावरून दुसऱ्या टोल्यावर, मिळेल त्या बसनं, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून. विचारायचा प्रश्न मी बदलला. 'शाळा का सोडली?' असं विचारलं की पोरी खाली बघतात आणि आयांना वाटतं आपल्यावर ठपका येतोय. 'परीक्षेच्या दिवसांत तू कुठं होतीस?' असं विचारलं की लगेच उत्तर येतं, कारण त्यात कुणाचा दोष नसतो. बोट झाडाकडं जातं. ऊन तापायचं, पाण्याची बाटली गरम व्हायची, आणि उत्तरं तीच यायची. संध्याकाळी परसवाड्याच्या बाजारात चहा पिताना मी दिवसभराची माहिती संगणकात चढवायचे. माझा देखणा आलेख रोज थोडा थोडा बिघडत होता. 'रस नाही' हा खांब बुटका होत चालला होता. अभ्यासाला लागल्यापासून मी कधी इतकी समाधानी नव्हते.

नोकरी गेली. त्या संस्थेनं फार सभ्य पत्र पाठवलं. मॅडमनी लिहिलं, 'ठीक आहे. पण आता अर्धवट सोडू नकोस,' आणि खरंच नंतर प्रत्येक प्रकरण बारकाईनं वाचलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला.

"तुमचा आधीचा निष्कर्ष जास्त स्वच्छ होता."

"हो सर," मी म्हणाले. "तो घरी असलेल्या माणसांचा होता."

ते हसले नाहीत, पण त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. मी एक सत्र उशिरा पास झाले. बाबांनी पेढे आणले आणि आत्याकडं स्वतः नेऊन दिले. विषय काय होता असं आत्यानं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. बरंचसं बरोबर होतं.

लोक मला विचारतात, मग पुढं काय झालं? परीक्षेचं वेळापत्रक बदललं का? नाही बदललं. माझ्या प्रबंधामुळे एकही पेपर एका दिवसानंही पुढं गेला नाही. मी तो जिथं जिथं द्यायचा तिथं दिला. काहींनी वाचला, काहींनी चहा पाजला. यंदाही देणार आहे, पुढच्या वर्षीही देईन. असल्या कामात जो आधी कंटाळतो तो हरतो, आणि कंटाळणं माझ्या स्वभावात नाही, हे बाबा तुम्हांला सांगतील. आता मी बालाघाटातच असते. माहिती गोळा करणाऱ्या मुलांना शिकवते, कुठल्या महिन्यात कुठली माणसं घरी सापडत नाहीत ते आधी त्यांच्याकडून वदवून घेते. पगार पुण्यातल्यापेक्षा कमी आहे आणि त्यावरून घरात अधूनमधून कूलर चालू होतो.

आणि रीना. तिच्यासाठी शाळेकडं मी पुष्कळ खेटे घातले, पण ती लहान मुलांच्या वर्गात बसायला कबूल होईना, आणि मलाही तिच्या जागी तेच वाटलं असतं. शेवटी खुल्या बोर्डातून थेट दहावीला बसायचं ठरलं. वर्षभर ती शनिवारी बसनं यायची, आमच्या जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवायची. बाबा समोर पेपर वाचत बसायचे आणि न विचारता मधेच म्हणायचे, "थो वजा कुठी गेला तुहा?" परीक्षा एप्रिलात आली. एप्रिलात मोह अजून गळतच असतो.

त्यामुळे आज सकाळी असं आहे. रीना कालच आमच्या घरी मुक्कामाला आली. बाबांनी काल संध्याकाळी स्कूटरवर तिला नेऊन परीक्षेचं केंद्र, तिचा वर्ग, पाण्याचा नळ, सगळं दाखवून आणलं. आज ते तिला सोडतील आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेरच्या टपरीवर बसून राहतील, कुणी सांगितलेलं नसताना. आणि मी इथं, तिच्या झाडाखाली आहे.

इथं एक रीत आहे. मोहाची झाडं जंगलात असली तरी घराघरांत वाटलेली असतात, आज्या-पणज्यापासून. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही, वाटेत पडलेलंही नाही. ज्या घरचं झाड, त्याच घरचं माणूस बसतं आणि वेचतं. मी इतके दिवस या झाडांखाली वावरले, पण एका फुलाला हात लावला नव्हता. या वेळी पेपरची तारीख कळली तेव्हा मी सामवतीबाईला विचारलं की त्या दिवशी रीनाच्या झाडाखाली कोण बसेल. तिनं हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "तू बस. कोनी इचारलं तं सांग, घरची हाव."

घरच्या माणसाला इथं फार मान असतो असं समजू नका. माझी कंबर मोडली आहे. माझ्या मुठीत फुलं चेंदतात आणि रस कोपरापर्यंत ओघळतो. सामवतीबाई मधून मधून तिच्या झाडाकडून येते, माझी टोपली बघते, हताश होते. "वं बाई, चेपू नको! दोन बोटांनं उचल, अलगद. इतकी शिकली अन् फूल उचलता येत नाई तुले." एक गाय आली होती, तिला मी शब्दानं हाकलायला बघत होते. सामवतीबाईनं येता येता लांबूनच ढेकूळ मारलं.

ऊन आता फांद्यांच्या वर आलं. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि थांबले. आज गणिताचा पेपर. सामवतीबाईच्या ते लक्षात आलं. तीही थांबली, कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या दिशेनं बघत राहिली. तिकडं झाडांशिवाय काही दिसत नव्हतं.

"सुरू झाला असन काय वं पेपर?"

"हौ. आत्ताच."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मंग थांबली काहून? वेच."